सिलिकॉनमधील क्वांटम गेटची आखणी कशी करावी

घनस्थितीतील क्वांटम संगणकाविषयी वाचू लागलेल्या विद्यार्थ्याचा पहिला गोंधळ 'गेट' या शब्दापाशीच होतो, कारण हा शब्द येथे दोन वेगळ्या गोष्टींना लावला जातो. सिलिकॉनच्या चिपवर इलेक्ट्रॉनला जागेवर धरून ठेवणाऱ्या धातूच्या बारीक पट्टीलाही गेट म्हणतात आणि क्यूबिटवर, म्हणजे माहितीच्या क्वांटम एककावर, केलेल्या तार्किक क्रियेलाही गेटच म्हणतात. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीची शेती ज्याने पाहिली आहे, त्याला हा फरक लवकर उमगेल. पाटाचे दार ही एक वस्तू आहे. पाटकऱ्याने ते केव्हा उघडले, किती उघडले आणि किती वेळाने बंद केले यावर ठरणारी पाण्याची पाळी ही निराळी गोष्ट आहे. या लेखात धातूच्या वस्तूला मी 'पट्टी' म्हणेन आणि तार्किक क्रियेलाच 'गेट' म्हणेन. नेहमीच्या संगणकात गेट ही ट्रान्झिस्टर जोडून तयार केलेली जागा असते आणि संकेत तिच्यातून पुढे जातो. येथे क्यूबिट जागचे हलत नाहीत, त्यामुळे गेट ही घटना ठरते. तिची आखणी करायची म्हणजे दोन क्यूबिटांमधली कोणती आंतरक्रिया, किती जोराने आणि किती वेळ चालू ठेवायची हे ठरवायचे, आणि नवशिक्यांकडून नेहमी सुटते ते म्हणजे ती किती पूर्णपणे बंद करायची हेही ठरवायचे.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे भौतिकशास्त्राचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी मला विचारतात, "सर, आपल्याकडे चिप निरपेक्ष शून्याजवळ ठेवणारा फ्रीजच नाही, मग आपण यात काय करणार?" प्रश्न रास्त आहे, पण फ्रीजची गरज आखणी संपल्यावर लागते. दोन इलेक्ट्रॉनांच्या स्पिनचे संपूर्ण गणित चार बाय चारच्या मॅट्रिक्समध्ये मावते, आणि ते सोडवायला पायथन ही भाषा, नमपाय आणि क्युटिप ही मोफत मिळणारी साधने आणि साधा लॅपटॉप पुरतो. वीज गेली तरी बॅटरीवर पूर्ण होईल एवढेच हे काम आहे. श्रोडिंगरचे समीकरण, मॅट्रिक्स आणि संमिश्र संख्या यांची एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते तेवढी ओळख मी गृहीत धरतो.

कोणते माध्यम निवडावे

घनस्थितीत क्यूबिट अनेक प्रकारे बनवता येतो. १९९८ साली डॅनियल लॉस आणि डेव्हिड डिव्हिन्सेन्झो यांनी क्वांटम डॉटमध्ये, म्हणजे चिपवरच्या अतिसूक्ष्म जागेत, अडकवलेल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन क्यूबिट म्हणून सुचवला आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून ब्रूस केन यांनी सिलिकॉनमधल्या फॉस्फरस अणूच्या केंद्रकाचा स्पिन वापरण्याची कल्पना मांडली. १९९९ मध्ये जपानमध्ये अतिवाहक परिपथातला पहिला क्यूबिट दिसला आणि २००७ मध्ये येल विद्यापीठातून ट्रान्समॉन हा त्याचा सुधारित प्रकार पुढे आला. आपल्या देशात अतिवाहक परिपथांवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम चालते. तिच्या आणि पुण्यातल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेच्या सहभागाने तयार झालेल्या ६ क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ साली पूर्ण झाली.

शिकण्यासाठी मात्र मी सिलिकॉनमधला स्पिनच निवडायला सांगतो. त्यातले दोन क्यूबिटांचे गेट एकाच आंतरक्रियेतून, कागदावर सरळ गणित करून मिळते आणि प्रत्येक चूक कोठून आली हे बोट ठेवून दाखवता येते. ट्रान्समॉनकडे वळणाऱ्याने एवढेच लक्षात ठेवावे की त्याच्या पातळ्यांमधील अंतरे जेमतेम २०० ते ३०० मेगाहर्ट्झने वेगळी असतात, म्हणून फार आखूड स्पंद दिल्यास क्यूबिट तिसऱ्या पातळीत निसटतो आणि त्यासाठी स्पंदाच्या आकारात मुद्दाम दुरुस्ती करावी लागते.

आधी आकडे मांडा

समीकरणाआधी एका कागदावर ऊर्जा मांडाव्यात आणि सगळ्या वारंवारतेच्या एकाच मापात लिहाव्यात. सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या दोन पातळ्यांमधले अंतर दर टेस्लाला सुमारे २८ गिगाहर्ट्झ असते, म्हणजे अर्ध्या टेस्लाच्या चुंबकक्षेत्रात १४ गिगाहर्ट्झ. उष्णतेची ऊर्जा दर केल्व्हिनला सुमारे २१ गिगाहर्ट्झ भरते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा हवेचे तापमान ३१८ केल्व्हिन असते आणि त्या उष्णतेपुढे १४ गिगाहर्ट्झचे अंतर नगण्य ठरते. ०.१ केल्व्हिनला उष्णतेची ऊर्जा २ गिगाहर्ट्झवर येते, स्पिन खालच्या पातळीत स्थिर राहतो आणि गेटला अर्थ प्राप्त होतो. २०२० साली एक केल्व्हिनच्या वर चालणारे सिलिकॉन क्यूबिटही दाखवले गेले. हे महत्त्वाचे आहे, कारण तापमान जितके वर न्याल तितकी फ्रीजची उष्णता उपसण्याची ताकद वाढते.

याच कागदावर दऱ्यांचे विभाजन लिहायला विसरू नये. सिलिकॉनच्या ऊर्जापट्ट्यांच्या रचनेत अनेक तळ, म्हणजे 'दऱ्या', असल्यामुळे इलेक्ट्रॉनला स्पिनखेरीज आणखी एक जवळची पातळी उपलब्ध असते. तिचे अंतर स्पिनच्या अंतराएवढे, म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे ५८ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट झाले, तर स्पिन झपाट्याने घसरतो. चुंबकक्षेत्र निवडताना हा योग टाळावा.

तिसरी नोंद द्रव्याची. नैसर्गिक सिलिकॉनमध्ये ४.७ टक्के अणू सिलिकॉन-२९ चे असतात. त्यांच्या केंद्रकाला स्वतःचा स्पिन असल्याने इलेक्ट्रॉनभोवतीचे चुंबकक्षेत्र सतत किंचित हलते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये तर एकही केंद्रक स्पिनविरहित नसते, म्हणून तेथे फेज, म्हणजे क्यूबिटच्या दोन अवस्थांच्या तरंगांमधला कोन, दहा नॅनोसेकंदांच्या घरात विस्कटते. सिलिकॉन-२८ शुद्ध करून घेतल्यावर २०१४ साली हीच मुदत १२० मायक्रोसेकंदांपर्यंत गेलेली दिसली. आपण आखणीसाठी २० मायक्रोसेकंद धरू. त्याचा अर्थ असा की प्रत्येक प्रयोगात क्यूबिटची वारंवारता सुमारे ११ किलोहर्ट्झच्या प्रमाण विचलनाने सरकलेली असू शकते. हा आकडा पुढे लागणार आहे.

एका क्यूबिटचे गेट

हा भाग तुलनेने सोपा आहे. क्यूबिटच्या वारंवारतेचा मायक्रोवेव्ह स्पंद दिला की स्पिन फिरतो. फिरण्याचा वेग २ मेगाहर्ट्झ ठेवला तर अर्धा फेरा ०.२५ मायक्रोसेकंदात होतो. उभ्या अक्षाभोवतीचे फिरणे तर प्रत्यक्षात करावेच लागत नाही; पुढच्या स्पंदांची फेज तेवढ्याने सरकवली की काम होते, त्याला वेळ लागत नाही आणि त्यात चूकही जवळजवळ नसते.

काळजी शेजाऱ्याची घ्यावी लागते. दोन्ही क्यूबिटांच्या वारंवारता जवळ असतील तर एकासाठी दिलेला स्पंद दुसऱ्यालाही हलवतो. चिपवर कोबाल्टचे सूक्ष्म चुंबक बसवून वारंवारतांमध्ये अंतर पाडतात; १०० मेगाहर्ट्झचे अंतर हवे असेल तर दोन डॉटच्या जागी चुंबकक्षेत्रात ३.६ मिलिटेस्लाचा फरक लागतो. फिरण्याच्या वेगाचा वर्ग भागिले वेग आणि अंतर यांच्या वर्गांची बेरीज, हे शेजारी उलटण्याच्या कमाल संभाव्यतेचे सूत्र आहे. आपल्या आकड्यांनी ती ०.०४ टक्के येते. अंतर फक्त २० मेगाहर्ट्झ असते तर ती एक टक्क्यावर गेली असती, म्हणून वेग वाढवण्याच्या मोहात पडण्याआधी हा भागाकार करून पाहावा.

दोन क्यूबिटांचे गेट

खरी आखणी येथे सुरू होते. शेजारच्या दोन डॉटमध्ये एकेक इलेक्ट्रॉन आहे आणि त्यांच्यामध्ये एक अडसराची पट्टी आहे. तिच्यावरचा व्होल्टेज वाढवला की अडसर खाली येतो, इलेक्ट्रॉनांचे तरंग एकमेकांवर पसरतात आणि विनिमय आंतरक्रिया चालू होते. तिच्या जोराला 'जे' म्हणतात.

वारंवारतांतील अंतर शून्य असेल तर ही आंतरक्रिया दोन स्पिनची अदलाबदल करते. निम्म्या अदलाबदलीवर थांबवली तर दोन्ही क्यूबिटांच्या अवस्था एकमेकींशी बांधणारी गुंफण तयार होते, आणि लॉस व डिव्हिन्सेन्झो यांच्या मूळ प्रस्तावात सीनॉट गेट, म्हणजे नियंत्रक क्यूबिट 'खाली' असेल तरच लक्ष्य क्यूबिट उलटवणारे गेट, याच निम्म्या अदलाबदली दोनदा वापरून बांधले होते. पण आपल्या चिपवर १०० मेगाहर्ट्झचे अंतर आहे. 'जे' त्याच्या मानाने लहान, समजा १० मेगाहर्ट्झ ठेवला, तर अदलाबदल होऊ पाहते पण ऊर्जा जुळत नसल्याने अडते. उरतो तो फक्त ऊर्जेचा बदल: दोन्ही स्पिन एकाच दिशेला असतील तर काही होत नाही, विरुद्ध दिशांना असतील तर त्या अवस्थेची ऊर्जा 'जे'च्या निम्म्याने खाली जाते.

आता हाताने गणित करावे. 'जे' १० मेगाहर्ट्झवर ५० नॅनोसेकंद ठेवला. विरुद्ध दिशांच्या दोन अवस्थांची ऊर्जा ५ मेगाहर्ट्झने बदलली, म्हणून ५० नॅनोसेकंदांत प्रत्येकीची फेज पाव फेरा, म्हणजे ९० अंश सरकली. एकाच दिशेच्या अवस्था जागच्या जागी राहिल्या. मग प्रत्येक क्यूबिटच्या 'खाली' या अवस्थेला फेज सरकवून उलट ९० अंश दिले. विरुद्ध अवस्थांची फेज शून्यावर आली आणि 'खाली-खाली' या एकाच अवस्थेला १८० अंश मिळाले. हेच सीझेड गेट. त्याच्या आधी आणि नंतर लक्ष्य क्यूबिटला योग्य दिशांनी ९० अंश फिरवले की सीनॉट मिळते. हे गणित संगणकावर घालण्याआधी प्रत्येकाने वहीत एकदा करावे असा माझा आग्रह असतो, कारण पुढे संगणकाचे उत्तर चुकले तर ते याच वहीवरून पकडता येते.

पकडावे लागतेच. सर्वांत जास्त वेळा होणारी चूक मेगाहर्ट्झ आणि रेडियन यांच्या सरमिसळीची असते. मी स्वतः सुरुवातीला 'जे' मेगाहर्ट्झमध्ये लिहून दोन पायने गुणायचे विसरलो होतो आणि आठवडाभर सहापटीहून लांब गेटवर काम करत राहिलो. प्रत्येक चलाच्या नावातच त्याचे एकक लिहिण्याची सवय तेव्हापासून लावून घेतली.

स्पंदाचा आकार

वरच्या गणितात 'जे' एकदम चालू आणि एकदम बंद झाला असे धरले होते. तसे केल्यास अडलेली अदलाबदल पूर्ण अडत नाही. 'जे'चा वर्ग भागिले 'जे' आणि अंतर यांच्या वर्गांची बेरीज या सूत्राने तिची कमाल संभाव्यता जवळपास एक टक्का येते, आणि चुकांची दुरुस्ती करणाऱ्या सरफेस कोडची सहनशक्तीच एका टक्क्याच्या आसपास असल्याने एवढी चूक एकाच कारणावर खर्च करणे परवडत नाही. उपाय असा की 'जे' हळूहळू चढवावा आणि हळूहळू उतरवावा. शून्यापासून कमाल मूल्यापर्यंत जाऊन परत शून्यावर येणारा कोसाइनचा एक उंचवटा घेतला, तर त्याचे क्षेत्रफळ कमाल मूल्य आणि कालावधी यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. म्हणून ५० ऐवजी १०० नॅनोसेकंद लागतात. या काळात १०० मेगाहर्ट्झच्या दहा फेऱ्या होतात आणि अदलाबदलीची चूक इतकी खाली जाते की ती मोजण्याच्या यादीतूनच निघते. दुप्पट वेळेचा हा सौदा मी डोळे झाकून करीन.

एक बारकावा येथे आहे. कोसाइनचा आकार 'जे'ला हवा आहे, व्होल्टेजला नव्हे. 'जे' अडसराच्या व्होल्टेजनुसार घातांकी वाढतो. समजा दर ३० मिलिव्होल्टला तो दहापट होतो. मग १० किलोहर्ट्झवरून १० मेगाहर्ट्झवर जायला ९० मिलिव्होल्ट लागतील, पण त्यातल्या शेवटच्या ९ मिलिव्होल्टमध्येच तो निम्म्यावरून पूर्ण मूल्यावर जातो. व्होल्टेजलाच कोसाइनचा आकार दिला तर 'जे'चा उंचवटा सुळक्यासारखा अरुंद होईल आणि क्षेत्रफळ कमी पडेल. म्हणून आधी हवा तो 'जे' लिहावा, त्याचा लॉगॅरिदम घ्यावा आणि त्यावरून व्होल्टेज काढावा. शून्याचा लॉगॅरिदम निघत नसल्याने खालचे टोक १० किलोहर्ट्झवर अडवावे. शिवाय खोलीच्या तापमानावरच्या यंत्रापासून चिपपर्यंत जाणाऱ्या तारा आणि फिल्टर स्पंदाचे कोपरे बोथट करतात; त्यांचा परिणाम मोजून व्होल्टेजच्या फाइलमध्ये आधीच उलट दुरुस्ती घालावी लागते.

संगणकावर हा स्पंद चालवल्यावर दिसेल की दोन क्यूबिटांना द्यावयाची फेजची दुरुस्ती नेमकी ९० अंश नसून एकाला सुमारे ३.४ अंश जास्त आणि दुसऱ्याला तेवढीच कमी लागते. ही चूक नव्हे. विरुद्ध अवस्था एकमेकींना किंचित दूर ढकलतात, त्याचा तो परिणाम आहे. दोघींची बेरीज बदलत नाही, म्हणून १८० अंश शाबूत राहतात.

आवाज आणि गळती

पट्टीवरच्या व्होल्टेजमध्ये आणि सिलिकॉनच्या पृष्ठभागाजवळच्या विद्युतभारांमध्ये सतत चढउतार असतो; त्यालाच येथे आवाज म्हणतात. व्होल्टेज एका मिलिव्होल्टने चुकला तर आपल्या उदाहरणात 'जे' सुमारे ८ टक्क्यांनी चुकतो आणि त्यातून गेटची सरासरी अचूकता ०.३ टक्क्यांनी घटते. याउलट केंद्रकांमुळे येणाऱ्या ११ किलोहर्ट्झच्या विचलनाने १०० नॅनोसेकंदांत फेज अर्ध्या अंशाहूनही कमी सरकते. म्हणजे या गेटचा मुख्य शत्रू विद्युतभाराचा आवाज आहे, आणि आखणीचे कष्ट तेथेच घालावेत. दोन डॉट एकमेकांच्या तुलनेत वर-खाली करूनही 'जे' वाढवता येतो, सुरुवातीच्या प्रयोगांत तसेच करत. पण त्या रीतीत डॉटमधल्या प्रत्येक चढउताराचा थेट परिणाम 'जे'वर होतो. दोन्ही डॉट समपातळीवर ठेवून फक्त मधला अडसर हलवला, तर पहिल्या क्रमाचा परिणाम नाहीसा होतो. २०१६ पासून या सममित रीतीचा फायदा प्रयोगांतून स्पष्ट झाला आहे, आणि नवी आखणी करणाऱ्याने दुसरी रीत निवडण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

आता गळती. पाटाचे दार नीट बसले नाही तर रात्रभरात पाणी शेजारच्या वाफ्यात उतरते. तसेच येथे आहे. बंद अवस्थेत 'जे' १० किलोहर्ट्झ उरला, तर चालू अवस्थेच्या हजाराव्या भागाएवढा म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. पण क्यूबिट १० मायक्रोसेकंद नुसते थांबले तरी त्यांच्यात ३६ अंशांची नको असलेली सीझेड फेज साचते. लांबलचक गणितात क्यूबिट बहुतांश वेळ थांबलेलेच असतात. म्हणून डॉटमधले अंतर आणि अडसराची पट्टी ठरवतानाच बंद अवस्थेतला 'जे' किती खाली नेता येईल ते पाहावे. तो पुरेसा खाली जात नसेल तर दुसरा मार्ग घ्यावा: 'जे' कायम चालू ठेवून मायक्रोवेव्हनेच सशर्त फिरवणे करावे. 'जे' चालू असताना लक्ष्य क्यूबिटची वारंवारता नियंत्रक क्यूबिटच्या दिशेनुसार दोनपैकी एक असते आणि त्यातली एकच निवडून स्पंद देता येतो. तेव्हा फिरण्याचा वेग 'जे' भागिले ३ चे वर्गमूळ एवढा ठेवावा. 'जे' ३.४६ मेगाहर्ट्झ असेल तर वेग २ मेगाहर्ट्झ, मग ०.२५ मायक्रोसेकंदात हवी ती अवस्था अर्धा फेरा घेते आणि नको ती पूर्ण फेरा घेऊन मूळ जागी परतते.

पडताळणी

सत्यसारणी जुळली म्हणून गेट बरोबर आहे असे समजू नये, कारण सीझेडची सत्यसारणी तर 'काहीच न करणाऱ्या' गेटसारखीच दिसते. पडताळणी फेजची करावी. लक्ष्य क्यूबिट अध्यारोपणात, म्हणजे 'वर' आणि 'खाली' यांच्या समान मिश्रणात, ठेवावा, नियंत्रक एकदा वर आणि एकदा खाली ठेवून गेट चालवावे आणि लक्ष्याच्या फेजमधला फरक १८० अंश येतो का ते पाहावे. संगणकावर आणि प्रत्यक्ष चिपवर ही एकच चाचणी चालते, हा तिचा मोठा गुण आहे.

त्यानंतर तोच स्पंद किमान पाचशे वेळा चालवावा. प्रत्येक वेळी दोन्ही वारंवारता ११ किलोहर्ट्झच्या विचलनाने आणि व्होल्टेज आपण गृहीत धरलेल्या आवाजाने यादृच्छिकपणे हलवावा आणि अचूकतेची सरासरी काढावी. मग एकेक आवाज बंद करून तीच सरासरी पुन्हा काढावी, म्हणजे चुकीतला कोणता वाटा कोणाचा हे कळते. सिलिकॉनमध्ये दोन क्यूबिटांचे गेट २०१५ साली ऑस्ट्रेलियात प्रथम चालले आणि जानेवारी २०२२ मध्ये जपान, नेदरलँड्स व ऑस्ट्रेलियातल्या तीन गटांनी एकाच वेळी ९९ टक्क्यांवरची अचूकता जाहीर केली. त्यामुळे तुमच्या गणितात ९९.९९ टक्के आले तर आनंदण्याआधी एखादा आवाज घालायचा राहिला आहे का ते शोधावे. आदर्श गणितात न दिसणारा एक परिणाम तर ठरलेलाच आहे: अडसर खाली येताना इलेक्ट्रॉन किंचित सरकतो, सूक्ष्म चुंबकाचे क्षेत्र जागेनुसार बदलत असल्याने त्याची वारंवारताही त्या वेळेपुरती सरकते आणि फेजची दुरुस्ती बदलते.

आखणी प्रयोगशाळेकडे पाठवायची असेल तेव्हा व्होल्टेजच्या फाइलसोबत चार गोष्टी लिहून द्याव्यात: गृहीत धरलेले वारंवारतांतील अंतर, 'जे' दहापट व्हायला लागणारे मिलिव्होल्ट, बंद अवस्थेतला 'जे' आणि दोन्ही क्यूबिटांच्या फेजची दुरुस्ती. चिपवर यातला प्रत्येक आकडा थोडा वेगळा निघेल. तेथे काम करणारा आधी दुसरा आकडा मोजून व्होल्टेज पुन्हा काढील, नंतर फेजच्या चाचणीने कमाल 'जे' थोडा कमी-जास्त करून १८० अंश जुळवील आणि सर्वांत शेवटी एकेका क्यूबिटची दुरुस्ती बसवील.